अकरा घरांमधून जाणारा रस्ता

मामूंना जेवायला बोलवायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागायची. माणूस जेवायचा मन लावून, माशाचा काटासुद्धा धुतल्यासारखा करून ठेवायचा. पण हात धुऊन झाले की चटईवर ऐसपैस बसून विचारायचा, "हरकत सांगू का?" आपण म्हणायचं, सांगा. मग मामू सांगायचे. कालवणात एक कोकम जास्त पडलं. भात झकास, पण वाढणारी घाईत होती. पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवलात, उजवा हात खरकटा, मग तांब्या उचलायचा कुणी? एवढं सगळं सांगून झालं की म्हणायचे, "आता तुमची माझ्यावर काय हरकत असेल ती सांगा."

मी नवीनच आले होते गावाहून. मला वाटलं, विचारतात तर सांगावं. म्हटलं, "तुम्ही जेवताना आवाज फार करता." आमचे हे माझ्याकडे असे बघायला लागले, की आता हिला परतीच्या बोटीत बसवावं. पण मामूंनी शांतपणे खिशातून वही काढली, पेन्सिलीला जीभ लावली आणि ते लिहून घेतलं. पुढच्या शुक्रवारी आले ते मांजरासारखे जेवून गेले.

मामू म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत बरं का. कोकणातल्या आमच्या खाडीपलीकडच्या गावचे. दुबईत देऱ्याला, पाण्याच्या कडेला आम्हा रत्नागिरीकडच्या लोकांचा एक मोहल्ला होता, तिथे ते सगळ्यांचेच मामू. त्यांना नाव होतं, पण ते मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर आधी त्यांची हरकत विचारावी लागली असती, आणि ते आता नाहीत.

ही साठ सालानंतरची गोष्ट. वीज पलीकडच्या बाजाराला आली होती, आमच्याकडे यायची होती. घरं खजुरीच्या झावळ्यांची, खाली वाळू, वर चटई. गोडं पाणी गाढवाच्या पाठीवरून डब्यांतून यायचं. माझी नात डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या फ्लॅटात एसी लावून बसते आणि हे ऐकून म्हणते, "नानी, दॅट्स नॉट पॉसिबल." मी म्हणते, बाई, मलासुद्धा आता खरं वाटत नाही, पण मी त्यात राहिलेय.

तर मामू. अंगाने सुक्या बोंबलासारखे. एका इंग्रज साहेबाच्या ऑफिसात नकाशे काढायला होते. सकाळी पांढरा शर्ट, पँट आणि टाय लावून जायचे. दुपारी घरी आले की पँट जायची, लुंगी यायची, टाय मात्र गळ्यात तसाच. एकदा मी विचारलं, मामू, टाय काढायचा राहिला का? म्हणाले, "त्याच्यावर अजून कुणाची हरकत आली नाही."

त्यांना प्रत्येक गोष्ट चार जणांना विचारल्याशिवाय करवायचीच नाही. छत्री घेतली तेव्हा मोहल्ल्यात आठवडाभर तोच विषय. काळी की करडी, मूठ लाकडी की हाडाची. हजामाकडे अर्धे केस कापून झाले की खुर्चीवरून उठून बाहेरच्या माणसांना विचारायचे, "एवढे बरे दिसतात की अजून?" हजाम त्यांना शेवटी बसवायचा, सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर, म्हणजे विचारायला कुणी उरायचं नाही. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची होडी. त्या होडीतून उतरताना धक्क्याची पायरी कुणाला उंच पडते हे ते प्रत्येक उतारूला विचारत बसले, तेव्हा होडीवाला म्हणाला, "मामू, उतरता की तुमचं घर इथंच बांधू?"

आणि शेळी. मोहल्ल्यात शेळ्या मोकळ्या फिरायच्या. एका रमजानमध्ये, ऐन उन्हात, रोजा धरलेला, हा माणूस वही घेऊन एका शेळीच्या मागे दुपारभर फिरला. ती बसली की हे बसायचे. मी दारातून विचारलं, काय चाललंय? तर म्हणाले, "पोरी, शेळी उगाच पाय टाकत नाही. सावली आणि घट्ट जमीन बघून चालते. आमचा साहेब पट्टी ठेवून रेघ मारतो. त्यापेक्षा हिला ऑफिसात बसवली पाहिजे."

लग्न केलं नव्हतं त्यांनी. त्याचीही गोष्ट आहे. तरुणपणी गावात मुलगी ठरली. मामूंनी सगळ्यांची संमती घेतली. आई, चुलते, मावश्या, शेजारी, मशिदीचे इमामसाहेब. सगळे हो म्हणाले. मग हे मुलीच्या घरी गेले आणि पडद्याआडून तिलाही विचारलं, तुझी काही हरकत? त्या काळात कुणी विचारत नसे. ती बिचारी आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं म्हणून खरं बोलली. म्हणाली, आहे. झालं. सगळ्यांनी समजावलं, एकीचा नकार काय धरून बसता? मामू म्हणाले, "त्या घरात राहणार ती. मावश्या राहणार आहेत का?"

आता राखेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या राखेवरच उभं आहे.

मोहल्ल्यात बायकांसाठी न्हाणीघर बांधायचं ठरलं. पुरुषांनी जुम्माची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर उभ्या उभ्या ठरवून टाकलं, कुठे आणि कसं. मामू म्हणाले, "थांबा. वापरणाऱ्यांना विचारू." दुसऱ्या दिवशी तंदूरवाल्याकडून पोतंभर राख आणि कोळशाची भुकटी आणली. आमच्याकडची वाळू पांढरी, तिच्यावर चुना दिसत नाही, म्हणून राख. राखेने वाळूवर न्हाणीघर काढलं, जेवढं बांधायचं तेवढंच मोठं. भिंती, दरवाजा, पाण्याची टाकी. आणि आम्हा बायकांना म्हणाले, "आत जा. आंघोळ करून बघा."

आम्ही ओढण्या तोंडात धरून हसत उभ्या. शेवटी हवाबी पुढे झाली. हवाबी म्हणजे आमच्या शेजारची विधवा म्हातारी, मोहल्ल्यातली सगळी बाळंतपणं तिच्या हातची. जिभेला हाड नाही. तिने रिकामी बादली घेतली, राखेच्या दरवाज्यातून आत शिरली, उकिडवी बसली आणि कपड्यांनिशी सगळी आंघोळ करून दाखवली, मानेमागे साबण लावण्यासकट. मग मान वर करून म्हणाली, "दरवाजा उघडला की समोर चहावाला. मी न्हाते की बायस्कोप हाय?"

पुरुष इकडे तिकडे बघायला लागले. दरवाजा दुसऱ्या बाजूला गेला. मामूंनी वहीत लिहिलं आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "कागदावर कुणाला काही कळत नाही, पोरी. पायाखाली आलं की कळतं."

एवढं शहाणपण असून पुढच्या खेपेला स्वतःच विसरले.

झालं असं, की एका संध्याकाळी मामू आमच्या दारात आले. लुंगी, टाय, पण हातात वही नाही. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला सातवा महिना होता, मी चुलीपाशी पाटावर बसून भाकऱ्या थापत होते. मामू खाली बघत म्हणाले, "पोरी, तुम्हां लोकांचं मन फार मोठं हाय. मला एवढं वाटलं नव्हतं."

"काय झालं मामू?"

"अकरा घरं जाणार, आणि एक हरकत नाय. सहा दिवस झाले. मी रोज ऑफिसात वाट बघतो, कुणीतरी येईल आणि भांडेल. तुझा नवरा आला, तो तर माशाल्ला म्हणाला."

"कुठली अकरा घरं?"

मामूंनी माझ्याकडे बघितलं. मग चुलीकडे, मग माझ्या पोटाकडे. "नववं तुमचं," म्हणाले.

भाकरी तव्यावर करपली, ती मी तशीच ठेवली.

गोष्ट अशी होती. धक्क्यापासून नव्या बाजारापर्यंत चाळीस फुटी रस्ता काढायचा होता. साहेबाच्या ऑफिसने नकाशा करून फळ्यावर लावला होता. आठ दिवस लोकांनी येऊन बघायचा आणि काही म्हणणं असेल तर लिहून द्यायचं. चांगली पद्धत होती, मी नाव ठेवत नाही. आमचे पुरुष काम सुटल्यावर घोळक्याने गेलेही. पण नकाशा म्हणजे तेव्हा निळा कागद असायचा, निळ्यावर पांढऱ्या रेघा. आणि आमचे सगळे पुरुष दर्यावर्दी. कुणी तांडेल, कुणी खलाशी, आमचे हे मालाच्या बार्जवर. त्यांनी जन्मात एकच नकाशा बघितलेला, समुद्राचा. निळं म्हणजे पाणी. त्यात दुबईभर तेव्हा एकच बोलणं, खाडीतला गाळ काढणार, मोठी गलबतं आत येणार. यांनी बघितलं, कागदभर पाणी, मधून एक पट्टा. म्हणाले, हा जहाजांचा मार्ग. आमच्या ह्यांनी मामूंना विचारलंसुद्धा, "किती घेतलंय?" मामू म्हणाले, "चाळीस फूट." हे खूश. चाळीस फूट खोल म्हणजे बोट थेट आपल्या दारात. सगळ्यांनी माशाल्ला म्हटलं, साहेबाच्या शिपायाकडून चहा प्यायले आणि घरी आले.

त्या संध्याकाळी हे घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही बघितलात तो नकाशा कसला होता?"

"सांगितलं ना, खाडीचा."

"त्यात आपलं घर दिसलं का?"

"घर कसं दिसेल? आपण पाण्याबाहेर."

मग मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. 

हे घर गेलं असतं तर काय, ते सांगते. तेव्हा आमच्याकडचे पुरुष परदेशात आणि बायका गावाला, असंच असायचं. चार वर्षांनी एकदा बोटीतून यायचे, मुलं त्यांना पाहुणा समजायची. मी दोन वर्षं पत्रांतून भांडून भांडून इथे आले होते. ह्यांनी ते घर दोन हिवाळ्यांत स्वतःच्या हातांनी उभारलं, शेवटी मला मातीदगडाची एक चूल-खोली बांधून दिली. घर मोडलं की ह्यांना बार्जवर चार जणांत झोपायला जागा होती. मला नव्हती. मला पहिल्या बोटीने गावाला पाठवलं असतं, आणि माझ्या मुलाने बापाला फोटोत बघितलं असतं.

दोन दिवस उरले होते. मामूंनी दुसऱ्या दिवशी रजा घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता. तंदूरवाल्याकडून आठ पोती राख आणली, खुंट्या आणल्या, माशांच्या जाळ्याची दोरी आणली आणि धक्क्यापासून रस्ता काढायला घेतला. जेवढ्यास तेवढा. रस्ता सरळ, तो काही घरं बघून वळत नाही. राखेची रेघ पहिल्या घराच्या कुडाला लागली, तसे मामू दारातून आत गेले, "हरकत नसेल तर" म्हणत घरातल्या वाळूवर रेघ ओढली, खाटेच्या खालून, हंड्यांच्या मधून, आणि मागच्या दाराने बाहेर. मग पुढचं घर.

तेव्हा कळलं सगळ्यांना.

हवाबीचं घर आठवं. तिच्या खाटेच्या मधोमध रेघ गेली. ती खाटेवर बसून म्हणाली, "म्हणजे माझं डोकं घरात आणि पाय बाजारात." माझ्या चुलीचं तर असं, की तवा रस्त्यात आणि परात फुटपाथावर. संध्याकाळी आमचे हे आले, दारात रेघ बघून थबकले. "हे काय?" मी म्हटलं, "रस्ता. दोन्हीकडे बघा, मग जेवायला बसा."

हसलो आम्ही. काय करणार? पण ह्यांचं पान मी रेघेच्या अलीकडेच वाढलं.

रेघ पुरी झाली आणि मामूंनी सगळ्या बायकांना तीवरून चालायला लावलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी पोट सांभाळत, हवाबीच्या खांद्याला धरून चालले. आमच्या घरामागे पोचलो तशी हवाबी थांबली. चप्पल काढून अनवाणी पाऊल दाबलं. म्हणाली, "मामू, तुमच्या साहेबाने हे कधी मोजलं?"

"महिना झाला असेल."

"चांद कुठला होता?"

मामूंना आठवेना. हवाबी म्हणाली, "उधाणाला येऊन बघू दे म्हणावं. आमच्या आठव्या-नवव्या-दहाव्या घराखाली पाणी वर येतं, वाळूतून. गेल्या चौदावीच्या चांदाला माझ्या खाटेखाली मासा हुता. हमाल नि पाण्याची गाढवं त्या पलीकडून वळसा घालून उगाच जातात काय? तिथं जमीन घट्ट हाय. तुमच्या ह्या रस्त्यावर दगड घाला की डांबर घाला, सहा महिन्यांत खाडीत जाईल."

मामूंनी वही काढली. त्यांचे डोळे असे चमकत होते, जसं काही कुणी लग्नाला हो म्हटलंय.

आठव्या दिवशी ऑफिसात हरकती गेल्या. एकतीस. सगळ्या बायकांच्या, खाली अंगठे, वर मामूंचं मोत्यासारखं इंग्रजी. काही मला त्यांनी वाचून दाखवल्या. एकीची हरकत होती की रस्त्यावरून जाणारे लोक तिच्या सुनेचं भांडण ऐकतील. मामूंनी तीही लिहिली. म्हणाले, हरकत ती हरकत, मी गाळणारा कोण?

साहेबाने कपाळाला हात लावला. पण माणूस बरा होता. तांबडा, तरुण, सारखं घड्याळ बघणारा. म्हणाला, "हम खुद देखेगा." मामूंनी हवाबीला विचारलं, कधी आणू? हवाबीने बोटांवर चांद मोजला. "चौदावीला. सकाळी आण, आणि दुपारच्या जोहरच्या अजानीपर्यंत सोडू नको. पाणी तेव्हा भरतं."

"साहेब पाच मिनिटांत बघून जातो गो. त्याला सकाळपासून दुपारपर्यंत धरून कसा ठेवू?"

हवाबी म्हणाली, "रस्ता अकरा घरांतून जातो ना? मग साहेब अकरा घरांत पाहुणा."

तोपर्यंत आम्ही रोज सकाळी उठून आधी रस्ता काढायचो, मग चहा. वाऱ्याने राख उडायची, शेळ्या तुडवायच्या, पण रेघ आम्ही पुसू दिली नाही.

चौदावीला साहेब आला. हॅट, अर्धी पँट, हातात काठी, बूट चकाचक. मागे मामू, टाय लावून. साहेब म्हणाला, यल्ला, चलो. आणि घरांच्या बाजूने निघाला. मामूंनी अदबीने अडवलं. म्हणाले, सर, सेंटर लाइन इधर से. म्हणजे रस्त्याच्या मधोमध चालायचं, आणि मध तर पहिल्या घराच्या दारातून जात होता.

साहेब वाकून आत शिरला. आता आमच्याकडे घरात पाऊल टाकलेला माणूस काही तोंडात न घालता बाहेर पडला तर ती घराची बेअब्रू. ते अरबांकडेही तसंच, साहेबाला माहीत होतं, नाही म्हणता येईना. पहिल्या घरी खजूर आणि गावा, ती त्यांची कडू कॉफी. घरातली बाई पडद्याआड, ताट पडद्याखालून सरकत यायचं. दुसऱ्या घरी शेवया. तिसऱ्या घरी चहा आणि तांदळाच्या वड्या. साहेब घड्याळ बघायचा, मामू म्हणायचे, सर, थोडा खाओ, नहीं तो ऑब्जेक्शन आयेगा. चौथ्या घरी नारळाची बर्फी. पाचव्या घरी साहेबाने पट्टा एक भोक सैल केला, हे पडद्यामागून सगळ्यांनी बघितलं आणि दहाव्या घरापर्यंत बातमी साहेबाच्या आधी पोचली. सहाव्या घरी तो म्हणाला, "खलास, खलास, नो मोर," तर त्या घरची आजी रडायला लागली, आमच्या घरचंच नको का म्हणून. मग त्याने तिथे दोन पुऱ्या खाल्ल्या.

हवाबी पडद्यात बसणारी नव्हे. तिने त्याला समोर बसवलं, खाटेवर, रेघेच्या बरोबर वर, आणि तिखट कालवणाची वाटी हातात दिली. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी. हवाबी मामूंना म्हणाली, "सांग त्याला, ह्या खाटेवर माझा नवरा मेला. इथं ट्रक जाणार असेल तर हॉर्न हळू वाजवायला सांग." मामूंनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने वाटी खाली ठेवली. त्यानंतर त्याने घड्याळ बघितलं नाही.

मग नववं घर. माझं.

मी चूल-खोलीच्या दाराआड उभी. मला काही खायला करायला सुचलंच नव्हतं त्या सकाळी. नुसता काळा चहा दिला. साहेबाला तेवढाच बरा वाटला असावा. तो पाटावर बसला, पाय लांब केले, सुस्कारा सोडला. बाहेर अजान झाली. मी खाली बघत होते, वाळूकडे. कोरडी. मनात म्हटलं, हवाबी, तुझं गणित आज चुकू देऊ नको.

आधी रेघ गेली. राखेची काळी रेघ हळूहळू गडद झाली, मग पसरली, मग दिसेनाशी झाली. साहेब चहा पीत होता. त्याच्या बुटांभोवती वाळू चकाकायला लागली. त्याने एक पाय उचलला, चुळुक असा आवाज आला. दुसरा उचलला, त्यातून पाणी गळलं. त्याने खाली बघितलं. मग मामूंकडे बघितलं. मामू छताकडे बघत होते.

साहेब उठला, बाहेर गेला, चिखलात काठी खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली. मग तो मोठमोठ्याने हसला. इतका हसला की पोट धरून खाली वाकला, आणि पोटात आमची नऊ घरं होती, म्हणून पटकन सरळ झाला. म्हणाला, "ये रास्ता नहीं, ये बोट का काम है." आमचे हे तिथेच होते, दुपारची सुटी घेऊन आलेले. ते मला हळूच म्हणाले, "बघ, मी तेव्हाच म्हटलं होतं, समुद्राचा नकाशा."

उरलेल्या दोन घरांनी साहेबाला सोडला नाही. तेवढंही खाऊन गेला.

महिनाभराने नवा नकाशा लागला. पुन्हा निळा कागद, पुन्हा आठ दिवस. या वेळी आम्ही सगळ्या बायका गेलो, हवाबी पुढे. रस्ता आता धक्क्यापासून सरळ येऊन हमालांच्या वाटेने वळसा घालत होता. मामूंनीच काढला होता, रेघ ओळखीची होती. फळ्याशी उभे राहून एकेकीला दाखवत होते, हे बघ तुझं, हे बघ तुझं. माझी पाळी आली. त्यांनी दाखवायच्या आधीच मी शोधलं. बारीकसा चौकोन, बाजूला चूल-खोलीचा त्याहून बारीक. शाबूत. मी त्यावर बोट ठेवलं आणि ते काढवेना. मागच्या बायका ओरडल्या, सरक ना गो, आम्हालाही बघू दे, तरी मी उभी.

मामूंनी आठही दिवस सगळ्यांना विचारलं, काही हरकत? कुणाचीच नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी मी पाण्याला बाहेर पडले, तर पलीकडे हमालांच्या वाटेवर मामू आपल्या खोलीतून पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर काढत होते. लुंगी, टाय. भिंतीवरचा घड्याळाचा खिळासुद्धा उपटून काढला होता. मी विचारलं, कुठे निघालात?

"वळसा इथून जातो, पोरी. उद्या माणसं येतील."

मला आधी कळेचना. एवढ्या जणी गेलो, एवढ्या वेळा बघितलं, मोहल्ल्यातलं एक घर वळशाखाली होतं आणि ते कुणाचं, हे एकीनेही विचारलं नाही. मी म्हटलं, "मामू, तुम्ही का नाही हरकत घेतलीत?"

"रेघ मारणाऱ्याने स्वतःच्या रेघेवर हरकत घ्यायची नाय. मग नकाशा कधी पुराच होणार नाय."

"मग आम्हाला सांगायचं. मी तिथे उभी होते फळ्यासमोर, तुमच्या शेजारी."

मामू ट्रंकेची कडी चाचपत राहिले. म्हणाले, "तुझं बोट होतं ना त्याच्यावर. माझी खोली तुझ्या बोटाखाली. एवढी खूश उभी होतीस, बोट काढ म्हणून कसं सांगू?"

मी वाकले. पाण्याचा डबा खाली ठेवला आणि ट्रंकेला हात घातला. तेवढ्यात मागून हवाबी आली, तिने आम्हा दोघांकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, आणि काय ते तिला कळलं. ओढणी कमरेला खोचून तिने ट्रंकेचं एक टोक उचललं.

"दुसरं टोक धरा, मामू. पोरी, तू हात लावू नकोस, तुला दिवस भरत आलेत. माझ्या घरात महिन्यातून दोनदा पाणी येतं, ट्रंक विटांवर ठेवू. रस्ता मात्र येत नाय."